सरकारी वकील म्हणून मी फाशी मागितली होती, आज का मागणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर तुम्ही फाशीच्या बाजूने होतात. २००६ च्या मुंबई रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात खालच्या कोर्टाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं, आणि तुम्ही गोंधळलात. घरात विषय निघाला तेव्हा पत्नी म्हणाल्या, "आपल्या मुलीच्या बाबतीत काही घडलं असतं तर तू असंच बोलला असतास?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही. मी अकरा वर्षं सरकारी वकील होते आणि नंतर आरोपींच्या बाजूने उभी राहिले, म्हणून तुम्ही मला विचारताय की माझं मत बदललं का, आणि कशामुळे.

बदललं. कशामुळे ते सांगायचं तर माझ्याच एका खटल्यापासून सुरुवात करावी लागेल. त्याआधी रेल्वे स्फोटांबद्दल दोन वाक्यं. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तिथे २४ जुलैला आदेश झाला की सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवायचं नाही, पण तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. शेवटचा शब्द तिथे व्हायचा आहे, म्हणून मी त्या प्रकरणावर माझं मत उभं करणार नाही. ज्यांचा शेवट झाला आहे अशाच खटल्यांवर बोलते.

१९९८ सालची गोष्ट. शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचा रात्री कोयत्याने खून झाला होता आणि बाईंच्या हातातल्या पाटल्या गेल्या होत्या. आरोपी दोघे, ऊसतोडीला आलेले. प्रत्यक्ष पाहणारं कोणी नव्हतं. खटला उभा होता तो जप्तीवर. आरोपीने पोलीस कोठडीत पंचांसमोर, म्हणजे पोलिसांनी बोलावलेल्या त्रयस्थ साक्षीदारांसमोर, निवेदन दिलं की कोयता आणि पाटल्या मी अमुक बांधाजवळ पुरल्या आहेत, मग पोलीस, पंच आणि आरोपी जीपने तिथे गेले, उकरलं, वस्तू निघाल्या. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ चा, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडल्याचा, हा नेहमीचा पंचनामा. फौजदारी कोर्टात अर्धे खुनाचे खटले याच एका कागदावर उभे असतात.

आरोपींचा वकील विधी सेवेतून मिळालेला, अगदी तरुण. त्याने पंचाला जेमतेम आठ-नऊ प्रश्न विचारले. एका सोमवारी दुपारी साडेबाराला न्यायाधीशांनी दोघांना दोषी ठरवलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तीन वाजता शिक्षेवर सुनावणी ठेवली. मी वीस मिनिटं बोलले. म्हातारी माणसं, असहाय, झोपेत मारलेली, समाजाचा आक्रोश, कठोर संदेश. आरोपीला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? एक म्हणाला, आई आहे. दुसरा काहीच बोलला नाही. संध्याकाळी कोर्ट उठायच्या आत फाशी झाली होती. बार रूममध्ये माझं अभिनंदन झालं, ज्येष्ठांनी चहा सांगितला. माझ्या कामातली ती पहिली फाशी होती, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली होती, हे मला लपवायचं नाही.

चार वर्षांनी उच्च न्यायालयाने दोघांनाही सोडलं. निकाल मी पहिल्यांदा वाचला तो चिडून. दुसऱ्यांदा वाचताना पान उलटवेना. निवेदनाच्या पंचनाम्यावर वेळ होती सकाळी सव्वाअकरा, ठिकाण पोलीस ठाणे. त्याच दिवशी साडेअकरा वाजता तोच आरोपी चाळीस किलोमीटरवरच्या तालुका कोर्टात न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर रिमांडसाठी उभा होता. दोन्ही कागद एकाच चार्जशीटमध्ये, पंधरा-वीस पानांच्या अंतराने. शिवाय तो पंच ठाण्यासमोर चहाची गाडी लावणारा होता आणि त्याच वर्षी आणखी तीन पंचनाम्यांवर त्याची सही होती.

रिमांडचा कागद मी पाहिला होता. त्यावर माझ्या पेन्सिलीची खूण आहे. कोठडीचे दिवस मोजण्यासाठी केलेली.

त्या दोघांनी खून केला होता का? मला सांगता येणार नाही. कदाचित केलाही असेल, आणि पोलिसांनी खऱ्या माणसांवर खोटा कागद चढवला असेल. असंही घडतं. पण ज्या कागदाच्या जोरावर मी दोन माणसांचा जीव मागितला तो खोटा होता, आणि त्याचा खोटेपणा माझ्याच टेबलावर पडलेला होता. माझ्याकडे तेव्हा रोज चार खटले बोर्डावर असायचे. मी वाचत होते ते शिक्षा लागावी म्हणून वाचत होते. त्यासाठी जे लागतं ते डोळ्यांना दिसतं, बाकीचं दिसत नाही.

माझा पहिला धडा हा, आणि इथे थोडं थांबून सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे सहसा ठाऊक नसतं. फाशीच्या खटल्यासाठी वेगळे पोलीस नसतात. वेगळे पंच नसतात. पंचनाम्याचा छापील नमुनासुद्धा वेगळा नसतो. मोटरसायकलच्या चोरीचा तपास ज्या हातांनी, ज्या घाईने आणि ज्या वरच्या दबावाखाली होतो, त्याच हातांनी खुनाचाही होतो. उलट खून जितका भयंकर, तितका दबाव जास्त: मोर्चे, बंद, वर्तमानपत्रं, विधानसभेत प्रश्न, आठ दिवसांत आरोपी हजर करा. म्हणजे जिथे चूक परवडत नाही तिथेच चूक होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराधाला शिक्षा होता कामा नये, हे वाक्य आमच्याकडे शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

आता नाशिकजवळच्या बेलतगव्हाणचा खटला. ५ जून २००३ च्या रात्री एका बागेत राहणाऱ्या राखणदाराच्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला आणि त्यांतल्या एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला. वाचले दोघे, आई आणि मुलगा. यापेक्षा क्रूर गुन्हा कल्पनेत आणणं कठीण आहे. सहा जण पकडले गेले, भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. सरकार त्या तिघांसाठीही फाशी मागायला सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ३० एप्रिल २००९ रोजी ती मिळाली. सहाच्या सहा जण फाशीच्या रांगेत.

दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या खंडपीठाच्या निकालात एक तपशील आहे जो वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते. वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, पोलिसांच्या फोटोंच्या संग्रहातून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहांपैकी नव्हती. त्या चौघांना पकडलं गेलं नाही, त्यांची चौकशी पुढे नेली गेली नाही, आणि हे सहा जण आरोपीच्या पिंजऱ्यात आले. हा कागद रेकॉर्डवर होता. सत्र न्यायालयातही होता, उच्च न्यायालयातही होता, २००९ मध्येही होता. पेन्सिलीची खूण करणारी मी एकटी नव्हते.

न्यायालयाने पुढचा तपास करायला सांगितलं, तपासात कसूर करणारे अधिकारी शोधायला सांगितलं आणि राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. सोळा वर्षं गेली होती. त्यांतला एकजण तर गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. आणि त्या आईचं काय? तिने ज्यांना ओळखलं होतं त्यांच्यामागे सोळा वर्षं कोणी गेलंच नाही, कारण सरकारच्या लेखी गुन्हेगार सापडले होते. चुकीच्या माणसाला फाशी सुनावली की खऱ्या माणसाचा शोध बंद होतो. फाशीची मागणी करणाऱ्यांनी यावर विचार करावा असं मला फार वाटतं, कारण त्यात नुकसान पीडितांचं आहे.

ते सहा जण २०१९ पर्यंत जिवंत कसे राहिले, हेही पाहण्यासारखं आहे. पूर्वी सर्वोच्च न्यायालयातला पुनर्विचार अर्ज न्यायाधीश आपल्या दालनात कागद पाहून निकाली काढत, वकिलाला उभंही राहता येत नसे. २०१४ मध्ये घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या बाबतीत तरी तीन न्यायाधीशांनी खुल्या कोर्टात ऐकून घ्यावं. ज्यांचे अर्ज आधी फेटाळले गेले होते त्यांनाही पुन्हा यायची वाट मिळाली. बेलतगव्हाणचं प्रकरण त्या वाटेने परत उघडलं. दयेच्या अर्जांवर सरकार तत्पर असतं तर उघडायला कोणी उरलंच नसतं. आपण ज्या दिरंगाईला शिव्या देतो तिने ते सहा जीव वाचवले. मला यात समाधान वाटत नाही, भीती वाटते.

दुसरं प्रकरण पुण्याचं. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच कुटुंबाच्या घरात सात जणांचे खून झाले. माझ्या पिढीच्या पुणेकरांना ते दिवस आठवत असतील, लोक दुपारी दार उघडायला घाबरत होते. एका आरोपीची फाशी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केलं की राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेतल्या नोंदीप्रमाणे गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. बारा वर्षांच्या मुलाला फाशी सुनावून आपण अठ्ठावीस वर्षं आत ठेवलं होतं. त्याने काही केलं नव्हतं असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. पण खटल्यात त्याचं वय वीसच्या आसपास धरलं गेलं आणि शाळेचं रजिस्टर उघडून पाहायला इतकी वर्षं लागली. आता फाशीचा कोणताही खटला माझ्याकडे आला की पहिल्या आठवड्यात मी कनिष्ठ वकिलाला आरोपीच्या गावी पाठवते. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळं चुकीच्या तपासाबद्दल झालं, तपास सुधारा. बरोबर. मीही काही वर्षं तेच म्हणत होते. माझ्या मताचा उरलेला भाग ढासळला तो शिक्षेच्या प्रश्नावर, जिथे गुन्हा सिद्ध आहे असं धरून चालू.

कायदा काय सांगतो? १८९८ च्या फौजदारी संहितेत खुनाला फाशी हा नियम होता. न्यायाधीशाला फाशी द्यायची नसेल तर कारण लिहावं लागे. १९५५ मध्ये ती अट काढली. १९७३ च्या संहितेने चित्र उलटं केलं: जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची तर खास कारणं लिहा. १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने फाशी वैध ठरवली, पण 'विरळातल्या विरळ' प्रकरणात, आणि दुसरा पर्याय खरोखरच बंद झाला असेल तरच. न्यायमूर्ती भगवती यांचं मत विरोधात होतं. आम्ही वकील 'विरळातलं विरळ' हे शब्द घोकतो आणि त्या निकालातली एक ओळ विसरतो: आरोपी सुधारण्याची शक्यता नाही, तो समाजाला सतत धोका राहील, हे सरकारने पुराव्याने दाखवायचं आहे. पुराव्याने. मी १९९८ मध्ये असा एकही पुरावा दिला नव्हता. कोणी मागितला नव्हता. मी विशेषणं दिली होती.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सांगितलं की आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक, लहानपण, घरची परिस्थिती ही माहिती सत्र न्यायालयाच्या पातळीवरच गोळा झाली पाहिजे. बचनसिंगनंतर बेचाळीस वर्षांनी. तोपर्यंत गेलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारते.

या बेचाळीस वर्षांत काय झालं त्याची दोनच उदाहरणं देते. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी राजस्थानातल्या एका खटल्यात म्हटलं की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप पाहायचं, गुन्हेगाराचं नाही. हे बचनसिंगच्या सरळ विरुद्ध होतं. त्या माणसाला ४ मे १९९६ ला फाशी झाली, आणि याच निकालावर विसंबून शिक्षा झालेल्या दुसऱ्याला १९९७ मध्ये. पुढे तेरा वर्षं हा निकाल खटल्यामागून खटल्यात वापरला गेला. मे २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा यांनी लिहिलं की तो निकाल बंधनकारक कायद्याकडे दुर्लक्ष करून दिलेला होता. बेलतगव्हाणच्या सहा जणांची फाशीही त्याच चुकीच्या निकालाच्या आधाराने कायम झाली होती, आणि तीही या खुलाशाच्या जेमतेम दोन आठवडे आधी. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून सांगितलं की तेरा जणांना अशी चुकीची फाशी सुनावली गेली आहे, ती बदला. न्यायाधीशांनी न्यायालयाची चूक राष्ट्रपतींना कळवावी, याआधी मी असं काही पाहिलं नव्हतं.

दुसरं उदाहरण जुनं आहे, पण मी ते प्रत्येक नव्या वकिलाला सांगते. उत्तर प्रदेशातला एक खुनाचा खटला, तीन आरोपी, तिघांचा सहभाग सारखाच, तिघांना फाशी. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या न्यायाधीशांसमोर गेले. एकाचा फेटाळला गेला आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला त्याला फासावर चढवलं. दुसऱ्याची शिक्षा जन्मठेपेवर आली. तिसऱ्याची फाशी त्याच दिवशी व्हायची होती, ऐनवेळी स्थगिती मिळाली. १९८२ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी, म्हणजे आपल्या पुण्याच्या माणसाने, या प्रकाराबद्दल खंत व्यक्त केली आणि तिसऱ्याला जन्मठेप मिळावी म्हणून राष्ट्रपतींकडे शिफारस केली. बचनसिंगमध्ये फाशी वैध ठरवणाऱ्या चौघांत चंद्रचूड होते. दोन वर्षांत त्यांच्याच समोर हे आलं.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीच्या कैद्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये मोठा अहवाल काढला. २००० ते २०१५ या काळात खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या सुमारे पाच टक्के. तीस टक्क्यांच्या आसपास लोक निर्दोष सुटले. एखाद्या डॉक्टरने शंभर जणांचा पाय कापायला सांगितला आणि वरच्या डॉक्टरांनी त्यांतले पाचच बरोबर ठरवले, तर तुम्ही त्या दवाखान्यात जाल का? त्याच अहवालात असंही आहे की फाशीच्या रांगेतले सुमारे चारातले तीन जण आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. मला हे आकडे वाचावे लागले नसते. तीस वर्षांत ज्याने स्वतःच्या पैशाने चांगला वकील पहिल्या दिवसापासून ठेवला आणि तरी त्याला फाशी लागली, असा माणूस माझ्या जिल्ह्यात मी पाहिला नाही.

आता तुमच्या पत्नीचा प्रश्न. तो टाळण्यासारखा नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत घडलं असतं तर मला त्या माणसाचा जीव घ्यावासा वाटला असता. यात शंका नाही, आणि अशा आईला कोणी समजावायला जाऊ नये. पण मी अशा आया जवळून पाहिल्या आहेत, म्हणून पुढचं सांगते.

सरकारी वकील असताना एका खटल्यात मुलीची आई प्रत्येक तारखेला यायची. पहाटेची एसटी पकडून, पिशवीत भाकरी, कोर्टाच्या पायरीवर बसायची. फाशी झाली त्या दिवशी तिने माझे हात धरले आणि म्हणाली, "आता सुटले मी." ती सुटली नव्हती. कायद्याने ही फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय देता येत नाही, मग सर्वोच्च न्यायालय, मग पुनर्विचार, मग राज्यपाल, मग राष्ट्रपती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. सहा वर्षांनी उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली तेव्हा तिला ते टीव्हीवरच्या पट्टीतून कळलं. ती माझ्या ऑफिसात आली आणि म्हणाली, "त्याला सोडला." त्याला सोडलं नव्हतं. तो आजही आत आहे. पण आम्ही तिला फाशी म्हणजेच न्याय असं शिकवलं होतं, त्यामुळे बाकी काहीही मिळालं तरी ती तिच्या लेखी हारच होती. तिचं मत बदललेलं नाही, तिला अजून फाशीच हवी आहे. मी तिच्याशी वाद घालत नाही.

पुण्यातलं २००७ चं प्रकरण आठवा, कंपनीच्या गाडीतून कामाला निघालेल्या तरुणीचा बलात्कार आणि खून. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फाशी कायम केली. येरवड्यात फाशीची तारीख ठरली २४ जून २०१९. पण दयेचा अर्ज फेटाळल्यावरही फाइल सरकारी टेबलांवर सुमारे दोन वर्षं पडून होती, त्या दिरंगाईपायी उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये ती शिक्षा पस्तीस वर्षांच्या कैदेवर आणली. बारा वर्षं त्या घरच्यांनी काय काढली असतील. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली त्या वर्षी, २०१२ मध्येच, त्यांना सांगितलं असतं, की हा माणूस पस्तीस वर्षं बाहेर येणार नाही, आता तुम्ही कोर्टाची वाट सोडा, तर?

हे सांगता येतं. लोकांना वाटतं जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. हा गैरसमज इतका पक्का आहे की फाशीचं अर्धं समर्थन त्यावर उभं आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं, तेही गोपाळ गोडसे यांच्याच अर्जावर, महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या. चौदा वर्षं ही मर्यादा वेगळी आहे: खुनासारख्या गुन्ह्यात सरकारला शिक्षेत सूट द्यायची असेल तरी निदान इतकी वर्षं कैद्याने प्रत्यक्ष भोगलेली असली पाहिजेत. त्यानंतर सूट मिळेलच असं नाही. आणि २००८ पासून, २०१५ च्या घटनापीठाने शिक्कामोर्तब केल्यावर तर निश्चितच, उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सांगू शकतं की हा माणूस वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा आयुष्यभर सुटीशिवाय आत राहील. खैरलांजीच्या खटल्यात उच्च न्यायालयाने २०१० मध्ये फाशीऐवजी पंचवीस वर्षं दिली ती याच पद्धतीने. त्या निकालावर तेव्हा राग होता आणि तो राग मला कळतो. जातीचा विचारच झाला नाही, ही तक्रार तर मला पूर्ण पटते. पण ती तक्रार तपासाबद्दल आणि कायद्याच्या कलमांबद्दल आहे, फासाने ती मिटली नसती.

कसाबचं काय, असं मला दर व्याख्यानात विचारतात. त्याला सगळ्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं होतं. तिथे निरपराध असण्याचा मुद्दा लागू होत नाही, हे मी मान्य करते. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी झाली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. न्यायमूर्ती अजित शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांतली फाशी काढावी असं सुचवलं, ते मला पुष्कळ वर्षं पुरेसं वाटत होतं. आता वाटत नाही, कारण दहशतवादाच्या खटल्यातच तपासावर सगळ्यात जास्त दबाव असतो आणि कसाबसारखा कॅमेऱ्यातला पुरावा सहसा नसतो. पण या एका ठिकाणी माझ्याशी कोणी असहमत झालं तर मी समजू शकते.

जरब बसते का, यावर मी फार बोलत नाही. रागाच्या भरात, दारूत किंवा आपण सापडणारच नाही या खात्रीत खून करणारी माणसं मी पाहिली. शिक्षेचं कलम आठवून थांबलेला माणूस कोर्टात येतच नाही, त्यामुळे त्याबद्दल माझ्या अनुभवाला काही किंमत नाही.

एक मात्र सांगते, कारण मला स्वतःला ते उशिरा कळलं. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांवर चर्चा चालू होती. फाशीच्या प्रत्येक प्रकरणात तिथवर अपील असावं, अशी सूचना होती. त्यावर बाबासाहेब आंबेडकर म्हणाले की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणं आपल्याला अधिक पटेल. अहिंसेला नीतीचं तत्त्व मानणाऱ्या देशाने ते करावं, असा त्यांचा मुद्दा होता. मी कायद्याची पदवी घेतली, अकरा वर्षं सरकारची बाजू मांडली, कोर्टाच्या आवारातल्या त्यांच्या पुतळ्याला दर एप्रिलमध्ये हार घातला, आणि हे त्यांचं मत मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

तुम्ही विचारलंत की घरात काय उत्तर द्यावं. मी देऊ नका म्हणेन, इतक्यात तरी. तुमच्या जिल्ह्याचं सत्र न्यायालय खुलं असतं, मागच्या बाकावर कोणीही बसू शकतं. काही मोजके खटले बंद दाराआड चालतात तेवढे सोडून. एक दिवस सुट्टी काढून दोघंही जा. अकराच्या आधी पोचलात तर दाराबाहेर बोर्ड लावलेला दिसेल, त्यात खुनाचा खटला कोणत्या कोर्टात आहे ते शिपायाला विचारा. निकालाचा किंवा मोठ्या साक्षीदाराचा दिवस शोधू नका. जप्तीच्या पंचाची साक्ष ज्या दिवशी असेल त्या दिवशी जा, आणि त्याची उलटतपासणी संपेपर्यंत उठू नका.